ड्रेसिंग शिकताय? मग आधी जखम बघायला शिका

क्लिनिकल पोस्टिंगमध्ये पहिल्यांदा ड्रेसिंग करायला उभं केलं ना, की सगळ्यांचं लक्ष ट्रेवर असतं. फोर्सेप कुठल्या हातात धरायचा, ग्लोव्ह घालताना बाहेरून बोट लागलं का, मागे मॅडम उभ्या आहेत त्या काय लिहून घेतायत. या सगळ्यात जखम बघायचीच राहते. पट्टी छान चौकोनी बसते, मायक्रोपोर सरळ लागतो आणि वॉर्डच्या बाहेर आल्यावर कोणी विचारलं जखम कशी होती, तर उत्तर येतं "ठीक होती". विद्यार्थ्यांबरोबर काम करताना मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता कोणालाही ड्रेसिंग शिकवताना मी ट्रेपासून सुरुवात करतच नाही, जखमेपासून करते. कारण जखम भरतं ते शरीर, पट्टी नाही. पट्टीचं काम एवढंच की शरीराला त्याचं काम करता येईल अशी जागा तयार करून देणं आणि मधे न येणं, आणि शरीर सध्या कुठल्या कामात आहे हे कळलं तरच आपल्याला कळणार की मधे न येणं म्हणजे नक्की काय करायचं.

तर ते काम चार टप्प्यात चालतं. पुस्तकात ते चार डब्यांसारखे काढलेले असतात पण खरं म्हणजे एकमेकांत मिसळलेले असतात, एकाच जखमेचा एक कोपरा पुढे आणि दुसरा मागे असं पण असतं. कापलं की पहिल्यांदा रक्तवाहिनी आकसते, प्लेटलेट्स जमतात, फायब्रिनची जाळी होते आणि रक्त थांबतं. हे काही मिनिटांचं काम, याला हेमोस्टॅसिस म्हणतात. मग सूज येण्याचा टप्पा, इन्फ्लमेशन, साधारण पहिले चार ते सहा दिवस. आधी न्यूट्रोफिल्स येतात जंतू मारायला, मागून मॅक्रोफेज येतात मेलेला कचरा खायला आणि पुढच्या पेशींना बोलावून घ्यायला. या दिवसांत जखमेच्या कडेला थोडा लालपणा, ऊब, सूज, दुखणं हे असणारच, ते चांगलंच आहे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी टाक्यांच्या कडेला पातळ लाल रेघ दिसली की विद्यार्थी घाबरून "इन्फेक्शन झालं" म्हणत धावत येतात, तसं नसतं. तो लालपणा दिवसागणिक कमी होतोय की पसरतोय हे बघायचं.

तिसरा टप्पा भरण्याचा, साधारण चौथ्या दिवसापासून तीनेक आठवड्यांपर्यंत, मोठ्या जखमेत त्याहून जास्त. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन, म्हणजे कातडीला ताकद देणारे प्रोटीनचे धागे, तयार करतात, नवीन केशवाहिन्या फुटतात आणि तळाला लालभडक, ओलसर, दाणेदार टिश्यू दिसायला लागतो, तो ग्रॅन्युलेशन टिश्यू. हा इतका नाजूक असतो की कोरडं गॉझ ओढलं तरी रक्त येतं, कारण त्यात नवीन केशवाहिन्यांचीच गर्दी असते. त्याच वेळी कडा आत ओढल्या जातात आणि कडेवरून कातडीच्या पेशी सरकत सरकत मधे येतात. शेवटचा टप्पा रिमॉडेलिंगचा, तो वर्षभर किंवा जास्तही चालतो, कोलॅजनची फेरमांडणी होते, व्रण पांढुरका आणि मऊ होतो. पण भरलेली कातडी मूळच्या ताकदीला परत कधीच पोचत नाही, जास्तीत जास्त ८० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून एकदा बेडसोअर (पडून राहून दाबामुळे झालेली जखम) भरलेल्या पेशंटची ती जागा "बरी झाली" म्हणून विसरून चालत नाही, तिथंच परत फुटायचा धोका सगळ्यात जास्त.

महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमा, म्हणजे डायबेटिसच्या पायाच्या, व्हेनच्या (अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरांच्या), बेडसोअरच्या, यांतल्या बऱ्याचशा दुसऱ्या टप्प्यातच अडकून पडलेल्या असतात. सूज संपतच नाही, त्यामुळे भरण्याचं काम सुरूच होत नाही. का अडकली ते शोधलं नाही तर रोज कितीही महागडी पट्टी बदला, जखम तिथल्या तिथेच राहते.

आता एक गैरसमज जो घराघरात आहे आणि वॉर्डातही आहे: "जखमेला हवा लागू द्या, सुकू द्या, खपली धरली की बरी झाली." १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या पाठीवर छोट्या उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काही पातळ पॉलिथिनच्या फिल्मखाली ओलसर ठेवल्या. ओलसर जखमांवर नवीन कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण समजायला सोपं आहे. कातडीच्या पेशी कडेवरून सरपटत येतात आणि सरपटायला त्यांना ओली जमीन लागते. वर कडक खपली असेल तर त्यांना खपलीच्या खालून खोल जाऊन, ओलावा जिथं असेल तिथून वाट काढावी लागते, त्यात वेळ जातो. आजची बहुतेक मॉडर्न ड्रेसिंग याच एका गोष्टीवर उभी आहेत. फक्त ओलसर म्हणजे चिंब नाही हे पक्कं लक्षात ठेवा. जास्त पाणी साचलं तर आजूबाजूची चांगली कातडी पांढरी, सुरकुतलेली, लिबलिबीत होते, बराच वेळ पाण्यात हात घातल्यावर बोटं होतात ना तशी, त्याला मॅसरेशन म्हणतात आणि अशी कातडी सहज सोलली जाते, मग जखम लहान व्हायच्या ऐवजी मोठी होते. आणि एक अपवाद: टाचेवर कोरडं, काळं, घट्ट चिकटलेलं टोपण असेल, आजूबाजूला लाली नाही, सूज नाही, हाताला मऊ लागत नाही, तर ते शरीराचं स्वतःचं झाकण आहे, ते ओलं करायचं नाही, काढायचं तर अजिबात नाही. तसंच रक्तपुरवठा बंद होऊन कोरडी काळी पडलेली बोटं, ती कोरडीच ठेवायची आणि निर्णय सर्जनचा.

बघायचं म्हणजे काय बघायचं, आता त्याच्यावर येऊ. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

जखम कुठे आहे आणि कशामुळे झाली हे सगळ्यात आधी. माकडहाडावर असेल तर दाबामुळे असणार, घोट्याच्या आतल्या बाजूला उथळ, वेड्यावाकड्या कडेची, खूप पाणी सुटणारी असेल तर व्हेनचा प्रॉब्लेम, बोटांच्या टोकाला गोल, खोल, फिकट तळाची आणि खूप दुखणारी असेल तर आर्टरीचा, म्हणजे पायाला रक्त आणणाऱ्या धमनीचा, तळपायाला घट्ट्याच्या मधोमध आणि पेशंट म्हणतोय "दुखतच नाही" तर डायबेटिक न्यूरोपॅथी, म्हणजे डायबेटिसने नसा बधिर झालेल्या. दिसायला सगळ्या "पायाची जखम"च, पण व्हेनच्या जखमेला घट्ट कॉम्प्रेशन बँडेज हे औषध आहे आणि आर्टरीच्या जखमेला तेच बँडेज बांधलं तर पाय जाऊ शकतो. म्हणून कॉम्प्रेशन बांधायच्या आधी पायाचा रक्तपुरवठा तपासलेला असावा लागतो, घोट्याच्या आणि दंडाच्या बीपीचं गुणोत्तर काढून, त्याला एबीपीआय म्हणतात. ०.८ च्या खाली असेल तर नेहमीचं फुल कॉम्प्रेशन बांधायचं नाही.

मग मोजमाप. लांबी डोक्याकडून पायाकडे, रुंदी त्याला आडवी, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि खोली सलाईनने ओल्या केलेल्या स्टराईल स्वॅबस्टिकने हलक्या हाताने. जखमेला घड्याळ समजा, पेशंटचं डोकं १२ वर. कडेच्या खाली कातडी पोकळ झाली असेल तर "३ ते ५ वाजेपर्यंत २ सेंटिमीटर अंडरमायनिंग" असं लिहायचं. एकाच दिशेला बोगदा गेला असेल तर "७ वाजता ४ सेंटिमीटर टनेल". अंदाजाने "पाच रुपयाएवढी" वगैरे लिहिलं तर पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला जखम वाढली का कमी झाली कधीच कळणार नाही.

तळाचा रंग. लाल दाणेदार म्हणजे भरतेय, तिला जपा. फिकट गुलाबी कडा आत सरकतायत म्हणजे नवीन कातडी. पिवळट, चिकट, तंतुमय थर असेल तो स्लफ, मेलेला टिश्यू, आणि स्लफला लोक पू समजतात, पू पुसला की निघतो, स्लफ तळाला चिकटून असतो. काळा किंवा तपकिरी, चामड्यासारखा तो एस्कार. बऱ्याच जखमांत हे सगळं एकत्र असतं म्हणून टक्क्यांत लिहायची पद्धत आहे, ७० टक्के लाल, ३० टक्के पिवळी असं. आणि लाल सगळीच चांगली नसते. गडद, चमकदार, फुगलेला, हात लावला की लगेच रक्त येणारा लाल असेल तर जंतूंचा भार वाढल्याचा संशय घ्या.

पाणी किती आणि कसलं. स्वच्छ पिवळसर ते सिरस, गुलाबी पातळ ते सिरोसँग्विनस, सरळ रक्त ते सँग्विनस, दाट पिवळं हिरवं ते पुरुलंट. जुनी पट्टी काढल्यावर ती लगेच किडनी ट्रेमध्ये टाकू नका, आधी बघा किती भिजलीय, कडेने गळतंय का, आणि किती तासांत एवढी भिजली. जुनी पट्टी बरंच काही सांगते. वासाचं मात्र जखम धुतल्यावर ठरवायचं. हायड्रोकोलॉइड (पाणी शोषून जेल होणारं चिकट ड्रेसिंग) लावलेलं असेल तर त्याच्याखाली पिवळट, घट्ट, वासाचा जेल जमतो, पहिल्यांदा बघणारा घाबरतोच की केवढा पू झालाय, पण तो ड्रेसिंगच विरघळून झालेला असतो. धुवा, मग वास राहतोय का बघा.

आणि दुखणं. पेशंटला विचारा आणि आकडा घ्या, ० ते १०. आधी न दुखणारी जखम अचानक दुखायला लागली तर ही फार महत्त्वाची खूण आहे, डॉक्टरांना सांगायचंच.

इन्फ्लमेशनच्या जुन्या चार खुणा, लाली, उष्णता, सूज, वेदना, या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने लिहून ठेवल्यात आणि इन्फेक्शन ओळखायला आजही त्याच बघतो आपण. पण कुठल्याही उघड्या जखमेत जंतू असतातच, नुसते जंतू असणं म्हणजे इन्फेक्शन नाही, ते टिश्यूत शिरून नुकसान करायला लागले आणि शरीर उलटून लढायला लागलं तर इन्फेक्शन. म्हणून दिसली जखम की घे स्वॅब असं करायचं नसतं. स्वॅब घ्यायचाच असेल तर आधी सलाईनने धुवायचं, मग स्वच्छ दिसणाऱ्या तळाच्या साधारण १ चौरस सेंटिमीटर जागेवर थोडं दाबून ५ सेकंद फिरवायचा म्हणजे आतलं पाणी वर येतं. वरचा पू किंवा स्लफ घासून घेतला तर रिपोर्ट कचऱ्याचा येतो, जखमेचा नाही.

लाली पसरतेय का हे कळायला कडेने पेनाने रेघ मारून तारीख आणि वेळ लिहायची, चार तासांनी लाली रेघेबाहेर गेली तर वादच नाही. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही कधीकधी, तिथं हाताची मागची बाजू लावून ऊब बघा, बोटाने कडकपणा बघा, दुसऱ्या बाजूच्या अवयवाशी तुलना करा. डायबेटिसचे, स्टिरॉइडवरचे आणि खूप वयस्कर पेशंट यांच्यात कधीकधी ताप, लाली काहीच नसतं आणि आत इन्फेक्शन पसरलेलं असतं. यांच्यात नुसती शुगर अचानक वाढली, आजोबा जरा गोंधळल्यासारखे बोलतायत, एवढ्यावरूनही जखम उघडून बघावी. आणि जखम दिसते त्याच्या कितीतरी पट जास्त दुखतेय, कातडी करडी जांभळी होतेय, दाबल्यावर आत हवेचे बुडबुडे फुटल्यासारखं लागतंय, तर ड्रेसिंग वगैरे बाजूला ठेवा आणि त्याच मिनिटाला डॉक्टरांना बोलवा, नेक्रोटायझिंग, म्हणजे टिश्यू भराभर मारत जाणाऱ्या, इन्फेक्शनमध्ये तास मोजावे लागतात.

आता धुणं. बहुतेक जखमांना ०.९ टक्के नॉर्मल सलाईन पुरतं, शरीराच्या द्रवाशी जुळणारं आहे, पेशींना झोंबत नाही. थंडगार बाटली थेट वापरू नका, जखम गार पडली की पेशींचं काम मंदावतं, रूम टेंपरेचरला असू दे, आणि पट्टी उघडून जखम तासभर राउंडची वाट बघत ठेवू नका त्याच कारणासाठी. तळाला चिकटलेला कचरा काढायला नुसतं ओतून होत नाही, थोडा जोर लागतो, ४ ते १५ पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) मधला, आणि ३५ मिलीच्या सिरिंजला १९ गेजची सुई किंवा कॅथेटर लावलं की साधारण ८ पीएसआय मिळतो. १५ च्या वर जोर लावला तर जंतू आत ढकलले जातात. उडतं सगळं, म्हणून डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला मास्क घालाच.

बेटाडीनबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ऑपरेशनच्या आधी कातडी तयार करायला उत्तम, घाण झालेल्या किंवा इन्फेक्शन असलेल्या जखमेत डॉक्टरांनी सांगितलं तर ठरावीक दिवस वापरायला हरकत नाही, पण स्वच्छ, लाल, भरत आलेल्या जखमेत रोज ओतायची सवय वाईट. जंतू मारणारं औषध फायब्रोब्लास्टला ओळखत नाही, तेही मरतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून लोकांना बरं वाटतं, तो फेस म्हणजे ऑक्सिजन सुटतोय एवढंच, नवीन पेशी त्यानेही मरतात, आणि बंद पोकळीत तर ते कधीच घालायचं नाही, गॅस रक्तात जाऊ शकतो.

दिशा: स्वच्छाकडून घाणीकडे. टाक्यांची सरळ रेघ असेल तर ती आधी, वरून खाली, मग दोन्ही बाजूंची कातडी, प्रत्येक वेळी नवीन गॉझ, एक गॉझ एकदाच. ड्रेन (आतलं पाणी बाहेर काढायची नळी) असेल तर त्याच्या मुळापासून बाहेरच्या दिशेने गोल गोल. मागे परत यायचं नाही.

हात धुण्याबद्दल पुन्हा सांगते कारण इथेच सगळ्यात जास्त घसरतं. इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूती वॉर्डात डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू एकदम खाली आले, तेव्हा जंतू म्हणजे काय हे पण नीट माहीत नव्हतं. आज आपल्याला माहीत आहे आणि तरी घाईत चुकतं. अल्कोहोल रब असेल तर २० ते ३० सेकंद, साबण पाणी असेल तर सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. ग्लोव्ह घातले म्हणून हात धुवायचे नाहीत असं नाही. जुनी पट्टी साध्या ग्लोव्हने काढायची, ग्लोव्ह टाकायचे, हात स्वच्छ करायचे, मग स्टराईल ग्लोव्ह. मधलं ते हात स्वच्छ करणंच नेमकं गळतं.

स्टराईल फील्डचे नियम पाठ करण्यापेक्षा त्यामागचं कारण लक्षात ठेवलं की सोपं जातं. जे डोळ्यासमोर नाही ते स्टराईल आहे असं मानता येत नाही. म्हणून फील्डला पाठ करायची नाही, कमरेच्या खाली हात न्यायचे नाहीत, कडेचा २.५ सेंटिमीटरचा पट्टा अनस्टराईल धरायचा, वरून हात आडवा न्यायचा नाही, ओलं झालं तर बदलायचं. आणि शंका आली तर ती वस्तू स्टराईल नाहीच. कोणी बघितलं नाही, पण तुम्हाला माहीत आहे की फोर्सेपचं टोक बेडशीटला लागलं, तर बदला. मॅडम ओरडतील म्हणून गप्प बसायचं नाही, बोलून दुसरा फोर्सेप मागणारा विद्यार्थी मला कधीही जास्त विश्वासाचा वाटतो.

पट्टी काढताना पेशंटशी बोला. मी विद्यार्थी असताना एका आजींच्या पायावरचं सुकलेलं गॉझ मी एका झटक्यात ओढलं होतं, पटकन झालं तर कमी दुखेल असं मला वाटलं होतं, खालून भळभळ रक्त आलं आणि त्या आजी एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त चादर घट्ट धरून बसल्या. चार दिवसांत आलेलं ग्रॅन्युलेशन मी त्या गॉझबरोबर उपटून काढलं होतं. तेव्हापासून सलाईनने भिजवून पाच मिनिटं थांबल्याशिवाय मी चिकटलेल्या गॉझला हात लावत नाही. दुखणारी जखम असेल तर लिहून दिलेली पेनकिलर अर्धा तास आधी द्या, तोंडाने दिली असेल तर तासभर पण लागतो असर व्हायला. टेप जखमेच्या दिशेने काढायचा, दुसऱ्या हाताने कातडी धरून. फिल्म असेल तर वर उचलायची नाही, कातडीला समांतर ताणायची म्हणजे चिकटपणा सुटतो. आणि "आजी, आता काढतेय, दुखलं तर सांगा, मी थांबते" असं म्हणायचं, आणि त्यांनी सांगितलं की खरंच थांबायचं.

कुठलं ड्रेसिंग लावायचं याची मोठमोठी टेबलं असतात, सुरुवातीला त्यात हरवायला होतं. मी एकच प्रश्न विचारायला सांगते: जखम कोरडी आहे का ओली, आणि मला तिला कुठे न्यायचंय? कोरडी असेल आणि स्लफ मऊ करायचा असेल तर हायड्रोजेल, ते स्वतः पाणी देतं. पाणी जवळजवळ नाहीच, उथळ जखम, तर ट्रान्सपरंट फिल्म, ते काही शोषत नाही पण असलेला ओलावा धरून ठेवतं आणि उघडल्याशिवाय बघता येतं. थोडं ते मध्यम पाणी असेल तर हायड्रोकोलॉइड. मध्यम ते जास्त असेल तर फोम. खूपच असेल तर अल्जिनेट, ते समुद्री शेवाळापासून करतात, त्यातलं कॅल्शियम जखमेतल्या सोडियमशी अदलाबदल करतं आणि जेल तयार होतो, म्हणून कोरड्या जखमेत ते घालायचं नाही, शोषायला काही नाही मग ते तळाला चिकटून बसतं. इन्फेक्शन असलेली जखम हवाबंद ड्रेसिंगखाली कोंडायची नाही. सिल्व्हरची ड्रेसिंग इन्फेक्शनसाठी, साधारण दोन आठवडे वापरून परत विचार करायचा, कायमची नाही. गॉझ सगळीकडे मिळतं आणि वाईट नाही, पण लवकर सुकतं, धागे सुटतात, दिवसातून जास्त वेळा बदलावं लागतं, तर गॉझच असेल तर ते ओलसर राहील याची जबाबदारी तुमची.

खोल जखम भरायची असेल तर सैल भरायची. पोकळी राहू नये म्हणून भरतो आपण, कोंबायला नाही, कोंबलं की केशवाहिन्या दाबल्या जातात आणि जखम आतून मरते. शक्यतो एकच लांब रिबन गॉझ, शेपूट बाहेर दिसेल असं, आणि तुकडे घातले असतील तर किती घातले ते लिहायचं. आत राहून गेलेला एक तुकडा महिनाभर पू करत राहू शकतो.

ऑपरेशनची बंद जखम असेल, सगळं ठीक असेल, तर पहिले ४८ तास पट्टीला हात न लावलेलाच बरा, तेवढ्यात वरची कातडी एकमेकांना चिकटून दार बंद होतं. भिजली, सुटली तर अर्थात बदलायची. पोटाच्या ऑपरेशननंतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास एक गोष्ट डोक्यात असू द्या. पेशंट खोकला किंवा उठला आणि म्हणाला "काहीतरी सुटल्यासारखं वाटलं", आणि पट्टी अचानक गुलाबी पाण्याने भिजली, तर टाके आतून उसवलेत असं धरून चला. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलायचं नाही. सलाईनमध्ये भिजवलेल्या स्टराईल गॉझने झाकायचं, डोकं थोडंसं वर, गुडघे दुमडलेले म्हणजे पोटावरचा ताण कमी होतो, तोंडाने काही द्यायचं नाही, सर्जनना बोलवायचं, बीपी पल्स घेत राहायचं आणि पेशंटला एकटं सोडायचं नाही.

हातापायाला रोलर बँडेज बांधलं तर टोकाकडून वर बांधत जा आणि बोटं उघडी ठेवा. अर्ध्या तासाने जाऊन बोटांचा रंग, ऊब, मुंग्या विचारा, नख दाबून सोडा, दोन ते तीन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे.

बेडसोअरमध्ये तर पट्टी सगळ्यात शेवटी येते. दाब काढला नाही तर काही भरत नाही. बेडसोअरचा धोका मोजायच्या ब्रेडन स्केलमध्ये ६ ते २३ मार्क असतात, १८ किंवा कमी आले की पेशंट धोक्यात, तिथून कुशी बदलण्याचं वेळापत्रक सुरू. माकडहाडावर न फुटलेली लाली दिसली तर बोटाने दाबा, पांढरी होत नसेल तर स्टेज वन, म्हणजे बेडसोअरची पहिली पायरी, आणि त्या लालीवर मालिश करायची नाही, खालचा टिश्यू आधीच दुखावलेला असतो.

पेशंट काय खातोय हेही विचारा, कोलॅजन प्रोटीनपासूनच बनतं. बेडसोअरच्या पेशंटला दिवसाला किलोमागे १.२५ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर ठरवतील. कोलॅजन पक्कं व्हायला व्हिटॅमिन सी लागतं. शुगर वाढलेली असेल तर पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत. सिगरेट ओढली की रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. हे सगळं चार्टवर हवं.

आणि नोंद. "ड्रेसिंग डन" ही नोंद नाही. "माकडहाड, ४ बाय ३ बाय १ सेंटिमीटर, तळ ८० टक्के लाल २० टक्के स्लफ, मध्यम सिरस पाणी, धुतल्यावर वास नाही, कडा जोडलेल्या, भोवतीची कातडी डाव्या बाजूला थोडी मॅसरेटेड, वेदना ३, सलाईनने धुतली, फोम लावला, पेशंटने सहन केलं" ही नोंद. लिहायला दोन मिनिटं लागतात आणि पुढच्या सिस्टरला पट्टी न उघडता जखम दिसते.

घरी जाणाऱ्या पेशंटला आणि नातेवाइकांना सांगताना हे मोठे शब्द वापरू नका. पट्टी कधी बदलायची, हात कसे धुवायचे, हळद, पावडर, टूथपेस्ट असं काहीही जखमेत घालायचं नाही, आणि ताप आला, लाली वाढली, वास यायला लागला, दुखणं वाढलं, रक्त थांबेना तर त्याच दिवशी परत यायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. सांगून झालं की "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. जी ताई घरी पट्टी करणार आहे तिला तुमच्यासमोर एकदा करायला सांगा, आणि ती करत असताना मधे न बोलता शेवटपर्यंत बघा.